बिनकॅमेऱ्याची पाटी

सुधाकर टिपणीसांचा कुठल्याही यंत्राच्या पहिल्या मॉडेलवर विश्वास नव्हता. त्याला कारण होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी साहिबाबादच्या एका टीव्हीच्या कारखान्यात, डिझाइन विभागात काढली होती. नव्वदनंतर परदेशी कंपन्या आल्या, चढाओढ सुरू झाली आणि त्यांच्या कारखान्याने एक शहाणपण शिकून घेतलं. जे आज देता येतं ते आज द्यायचं नाही. टीव्हीच्या मागे हेडफोनसाठी भोक पाडलेलं असायचं, आत वायरही जोडलेली असायची, पण वर प्लास्टिकचं बूच. पुढच्या वर्षी बूच काढायचं आणि टीव्ही ‘नवीन’ म्हणून विकायचा. ती बुचं सुधाकररावांनीच डिझाइन केली होती.

त्यामुळे त्यांच्या घरात प्रत्येक वस्तू उशिरा आली. रंगीत टीव्ही, फ्रिज, गाडी, सगळं. दिल्लीत द्वारकेतला फ्लॅटसुद्धा मेट्रो सुरू झाल्यावरच घेतला. बायकोने, कल्पनाने, कधी तक्रार केली नाही.

म्हणूनच २०११च्या जानेवारीतल्या एका रविवारी ते चकित झाले. गुडगावला नोकरी करणारा त्यांचा भाचा अंशुमन जेवायला आला होता. त्याने ऑफिसमधून मिळालेला टॅब्लेट आणला होता. कीबोर्ड नाही, माऊस नाही, नुसती काच. सुधाकररावांनी उलटसुलट करून पाहिला.

“कॅमेरा कुठाय रे?”

“नाहीये मामा.”

“एवढ्या महागाच्या पाटीला कॅमेरा नाही? मोबाईलला असतो, आणि याला नाही? मुद्दाम नाही लावलेला. पुढच्या वर्षासाठी ठेवलाय.”

“बिल्कुल. मी पण हेच म्हणतो, आत्ता घेऊच नका,” अंशुमन म्हणाला. “कॅमेरावाला लवकरच येणार.”

तोवर कल्पनाने पाटी स्वतःकडे घेतली होती. अंशुमनने तिला दोन बोटांनी अक्षरं मोठी कशी करायची ते दाखवलं. मग तिने ती कोणाला परत दिलीच नाही. वरण गार झालं तरी ती सोफ्याच्या कोपऱ्यात मान तिरकी करून बसून राहिली.

अंशुमन गेल्यावर ती म्हणाली, “अहो, आपण हे घेऊ या.”

“घेऊ की. कॅमेरावाला आला की. तनयाला बघता येईल.”

“मला कॅमेरा नको. मला आत्ता हवाय.”

सुधाकरराव तिच्याकडे बघत राहिले. जिने साधा मिक्सर घ्यायला कधी घाई केली नाही, तिला हे आत्ता हवं? आणि मुलगी मेलबर्नला, वर्षानुवर्षं भेट नाही, तरी कॅमेरा नको?

त्या दिवसापासून त्यांचं लक्ष तिच्यावर गेलं, आणि लक्ष गेल्यावर एकेक गोष्ट दिसू लागली. त्यांच्याकडे येणारा मराठी पेपर, जो दिल्लीत एक दिवस शिळा होऊनच पोचायचा, तो तिने दिवाळीनंतर बंद केला होता. “शिळ्या बातम्या कोण वाचणार,” म्हणाली होती. इतकी वर्षं शिळ्याच वाचत होती की! तनयाचा फोन आला की ती आतल्या खोलीत जायची आणि हे दारात आले की म्हणायची, “बरं, नंतर बोलते.” आणि सगळ्यात विचित्र म्हणजे तिने भरतकामाचा डबा, सुया, रेशीम, रिंगा, सगळं खालच्या मजल्यावरच्या विनयाला देऊन टाकलं होतं.

बाई सामान वाटायला लागली, पेपर बंद केला, प्रवासात न्यायला सोपी अशी पाटी हवी, आणि मुलीला पडद्यावर बघायची गरज नाही. सुधाकररावांनी हिशेब मांडला आणि उत्तर एकच आलं. ती तनयाकडे निघाली होती. कदाचित कायमची. आणि हे मायलेकींनी त्यांच्यापासून लपवून ठरवलं होतं.

त्यांनी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, असं त्यांचं मत. ते रात्री उशीवर डोकं ठेवून शेजारच्या श्वासाकडे कान लावून पडायचे आणि वाटायचं, झोपलीये की झोपल्याचं दाखवतेय?

एका दुपारी कल्पना “विनयाकडे बसते जरा,” म्हणून बाहेर पडली. थोड्या वेळाने ते भाजीला निघाले, तर लिफ्टमध्ये विनयाच भेटली. हातात पिशवी, बाजारातून येत होती.

“कल्पना तुमच्याकडे नाही?”

“नाही हो काका. आज भेटच नाही.” आणि मग तिने घाईने विचारलं, “का, काय झालं?” तो प्रश्न त्यांना खटकला. हिलाही काहीतरी माहीत होतं.

पुढच्या वेळी कल्पना निघाली तेव्हा ते मागोमाग निघाले. मफलर कानापर्यंत ओढून, सोसायटीच्या झाडांच्या आडोशाने. स्वतःचीच लाज वाटत होती. पण पाय थांबत नव्हते. मेट्रोत ती बायकांच्या डब्यात चढली, ते त्याच्या मागच्या डब्यात. राजौरी गार्डनला ती उतरली. समोरच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी ती थबकली, कठडा चाचपला, आणि मागे फिरून साध्या जिन्याने वर गेली. कोणी पाठलाग करतंय का ते बघत असावी, असं त्यांना वाटलं. ते एका खांबामागे सरले.

ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरली. काउंटरवरच्या मुलीने हसून स्टूल पुढे ओढलं.

“आ गईं आंटी? वही पेपर खोलूँ?”

“हाँ बेटा, वही.”

दुकानातल्या नमुन्याच्या पाटीवर त्यांचाच बंद केलेला मराठी पेपर उघडला. कल्पनाने दोन बोटांनी अक्षरं ताणली. ताणत ताणत अंगठ्याएवढी केली. सुधाकररावांना दारातूनही वाचता आलं : ‘हळदीला’. नुसता एकच शब्द, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिने बोट सरकवलं. ‘सांगलीत’. मग ‘चांगला’. तिचे ओठ हलत होते.

पण तिची नजर पाटीवर नव्हती. मान वळवून ती बाजूला, थेट दाराकडे, त्यांच्याकडेच बघत होती.

पकडले गेलो, असं वाटून सुधाकररावांनी मफलर खाली केला आणि सरळ आत गेले. तिच्या समोर, अगदी हाताच्या अंतरावर उभे राहिले. कल्पनाने मान सरळ केली, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाली,

“भैया, बस एक मिनट. आप देख लीजिए, मैं उठती हूँ।”

सुधाकरराव आणखी एक पाऊल पुढे आले.

“कल्पना,” ते म्हणाले.

ती दचकली. तिचा हात काचेवरून घसरला. “तुम्ही? तुम्ही कसे इथे?”

“तू मला ओळखलं नाहीस?”

काउंटरवरची मुलगी शहाणी होती. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

वरच्या मजल्यावर चहा घेताना कल्पनाने सगळं सांगितलं. दिवाळीत रांगोळीचे ठिपके वाकडे दिसायला लागले. मग मधलंच दिसेनासं झालं. कडेकडेचं दिसतं, म्हणून वाचायलाही मान वळवावी लागते; माणूस दिसतो, पण ज्याच्याकडे बघावं तोच चेहरा पुसल्यासारखा. विनयाला घेऊन ती डॉक्टरकडे जाऊन आली होती. डोळ्याच्या पडद्याचा आजार. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, गेलेलं फारसं परत येणार नाही, पण आहे ते टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

“दिवाळीपासून?” सुधाकरराव ओरडलेच. “आणि मला नाही सांगितलंस? विनयाला सांगितलंस, तनयाला सांगितलंस!”

“तुम्ही काय म्हणाला असता?”

“म्हणजे?”

“दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या म्हणाला असता. मग तिसऱ्या. मग कुठेतरी वाचलं असतं की नवीन औषध येतंय, जरा थांबू या.” ती शांतपणे बोलत होती, पण कप बशीत ठेवताना आवाज झाला. “आईंच्या मोतीबिंदूला तुम्ही असंच केलंत. नव्या पद्धतीची लेन्स येतेय म्हणालात. त्या चाचपडत गेल्या. मला भीती वाटली हो तुमची.”

सुधाकररावांनी उत्तर शोधलं. नवी लेन्स खरंच आली होती, त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे सांगावंसं वाटलं. आई ती यायच्या आधी गेली होती.

“इंजेक्शनं का नाही सुरू केलीस मग?”

“एकटीने धीर होईना,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच रडली.

उठताना ते म्हणाले, “उद्या जाऊ. त्याच डॉक्टरकडे.” मग खाली दुकानापाशी आल्यावर थांबले. जुनी खोड गेली नव्हती. त्यांनी त्या मुलीला विचारलं, “नया मॉडल कब आ रहा है?”

“सर, अभी तो कोई ख़बर नहीं है.”

खोटं बोलतेय, हे त्यांना तिच्या पापणीवरून कळलं. कारखान्यात त्यांनी विक्रेत्यांना हेच वाक्य शिकवलेलं ऐकलं होतं. त्यांनी पाटी उलटी केली, कडेवरून नख फिरवलं, कुठे बूच लागतंय का पाहिलं. कल्पना बाजूला उभी होती, त्यांच्या खांद्याच्या दिशेने बघत.

“पैक कर दो,” ते म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. डावा डोळा टिकला. उजव्याला उशीर झाला होता. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं, आणि सुधाकररावांनी दवाखान्याबाहेर येऊन बराच वेळ रिक्षा शोधण्याचं निमित्त केलं. उन्हाळ्यात कॅमेऱ्याची पाटी बाजारात आली. अंशुमनने फोन करून सांगितलं, “बघा मामा, म्हटलं नव्हतं!” “बरं झालं,” सुधाकरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

आता सकाळी कल्पना गॅलरीत पेपर वाचते, त्याच दिवसाचा. एका वेळी दोनच शब्द मावतात. ते चहाचा कप घेऊन मागे उभे राहतात आणि वाक्य पुरं व्हायची वाट बघतात. एकदा राहवेना म्हणून क्रियापद त्यांनीच सांगून टाकलं. ते चुकलं.

“बसा खाली,” ती मान तिरकी ठेवूनच म्हणाली. “मी वाचते. तुम्ही नुसतं ऐका.”

त्यांनी खुर्ची ओढली.