तळघराची खिडकी

थोरलीने तळघरातल्या खिडकीच्या बिजागरीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. ताजं तेल. ही खिडकी आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, गंजून बसली होती. आता नुसतं बोट लावलं तरी उघडत होती.

तीन महिन्यांपूर्वी तिने इथेच, आईच्या शिवणयंत्राशेजारच्या फळीवर काडेपेटीएवढी डबी ठेवली होती. घराघरांत अशा डब्या ठेवायच्या आणि प्रयोगशाळेत नेऊन मोजायच्या, हेच तिचं काम. जमिनीखालच्या खडकातून रेडॉन नावाचा वायू झिरपतो. त्याला ना रंग, ना वास. फरशीच्या भेगांतून वर येतो, बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचं निमित्त होतो. गल्लीतल्या झाडून सगळ्या तळघरांचे आकडे धोक्याच्या वर निघाले होते. एकट्या बाबांच्या तळघराचा आकडा असा सोज्वळ, की डबी गच्चीवर ठेवली होती की काय असं वाटावं.

बाबा खाणीतले पाथरवट. हे घर त्यांनी स्वतः निवडलेल्या दगडांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. आई बावीस वर्षं या खोलीत शिवत बसली. उभ्या जन्मात तिने कधी विडी ओढली नाही, आणि गेली ती फुप्फुसाच्या कर्करोगाने. ही बेरीज घरात कुणीही मोठ्याने केली नव्हती. थोरलीने मनातल्या मनात केली होती, आणि तेलाचा वास आल्यावर तिला कळलं की बाबांनीही केली आहे.

पुढच्या महिन्यात धाकटी तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन कायमची राहायला येणार होती. खोली हीच ठरली होती. पलंग खाली येऊनही पडला होता.

थोरली वर आली. बाबा मटार सोलत बसले होते. तिने तेलाचं विचारलं, तर म्हणाले, बिजागरी कुरकुरत होती. चार वर्षं न हललेली बिजागरी कुरकुरते कशी, हे तिने विचारलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची कला बाबांना कधीच जमली नव्हती.

"रोज उघडत होतात ना खिडकी?"

"हवा नको का यायला?"

"डबीसाठी उघडलीत, बाबा. बाळासाठी उघडणार आहात, भर थंडीत, रात्रंदिवस?"

बाबांचा हात शेंगेवर थांबला. मग ते दगडाबद्दल बोलू लागले. दगड कुणाचं वाईट करत नाही, तीस वर्षांत त्यांनी एकही दगड चुकीचा निवडला नाही, वगैरे. बाबांचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. थोरलीने ते सगळं ऐकून घेतलं. तिला त्यांचा राग आला होता आणि तितकीच दयाही येत होती. मग ती खाली गेली, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली आणि आकडा दाखवणारं यंत्र फळीवर ठेवलं.

"आठवड्याने येते," ती जाताना म्हणाली. "पट्टी काढलीत तर पुन्हा लावीन, पुन्हा आठवडाभर मोजीन. हा हट्ट मी तुमच्याकडूनच उचललाय. आकडा वाईट निघाला तरी घर पाडायचं नाहीये. फरशीला एक भोक पाडायचं, त्यातून पाइप छतावर न्यायचा, वर पंखा बसवायचा. एका दिवसाचं काम आहे."

बाबांनी पुढची शेंग सोलायला घेतली. खाणीत एक रीत होती: घाव घालण्याआधी एकाने दगडावर खडूने फुली मारायची. दगड भलतीकडे फुटला, तर जाब फुली मारणाऱ्याला विचारायचा, हातोडा मारणाऱ्याला नाही. फुली ज्याची, दगड त्याचा. घरात कपबशी फुटली तरी बाबा हेच ऐकवायचे, आणि दोघी मुली एकमेकींकडे बोट दाखवायच्या.

आठवड्याने ती आली तेव्हा चिकटपट्टी जशीच्या तशी होती. यंत्राचं तोंड मात्र कुणीतरी भिंतीकडे फिरवून ठेवलं होतं. तिने ते वळवलं. धोक्याच्या पाचपट. तिने वहीत आकडा लिहिला आणि वही मिटली. जिन्यावर बाबा उभे होते, अंगात खाणीतला जुना सदरा, हातात छिन्नी आणि हातोडा.

"आकडा सांगू?"

"नको. भोक कुठे पाडायचं तेवढं सांग."

तिने शिवणयंत्राखालची भेग दाखवली आणि त्यांच्या खिशातल्या खडूकडे हात नेला. बाबांनी तो हात हळूच बाजूला केला. शिवणयंत्र त्यांनी एकट्याने उचलून भिंतीशी ठेवलं, गुडघ्यांवर बसले, आणि जिथे बावीस वर्षं आईची पावलं टेकत होती तिथे फुली मारली. खडू मोडेपर्यंत दाबून मारली.

मग फुलीवर छिन्नी धरून त्यांनी हातोडा थोरलीच्या हाती दिला.

"मार," ते म्हणाले. "फुली माझी आहे."