झाकणावरचे भोक

मी एक जुने इंजिन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, माझ्यात काहीही बिघाड नव्हता.

बारा वर्षे मी एक छोटी मोटार ओढली, तक्रारीला जागा ठेवली नाही. मग मोटारी रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याने मला विकत घेतले. आपल्या शेडमध्ये चार वर्षे खपून त्याने दोन आसनांचे विमान बांधले आणि त्याच्या नाकात मला बसवले. विमानाला रंगाचे सात हात दिले. पहिल्यांदा दहा मिनिटे उडून आलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला? रंगाला! मीही तिथेच होते, पण असो.

पुढच्या उड्डाणात पंचविसाव्या मिनिटाला मी बंद पडले. पेट्रोलच येईना, मी काय करणार? रंगाऱ्याने कसेबसे विमान एका कापणी झालेल्या शेतात उतरवले. उतरताच टाकीचे झाकण उघडून पाहिले. पेट्रोल भरपूर. झाकण लावून मला चालू केले, तर मी लगेच चालले.

"नाटकं करतंय!" तो म्हणाला.

दुसऱ्या वेळीही तेच. त्याने मला तीनदा खोलले, तीनदा जोडले. चोर सोडून संन्याशाला सुळी! शेवटी त्याने ठरवले, आणखी एकदा बंद पडले की मी भंगारात. भंगारवाल्याला सांगूनही ठेवले.

तिसऱ्या वेळी शेजारच्या आसनावर त्याची थोरली बहीण होती. ती रुग्णालयात नर्स. पुन्हा पंचविसावे मिनिट, पुन्हा माझा घसा कोरडा. खाली झाडे, झाडांपलीकडे एक मैदान. चाके फांद्यांना घासून गेली. ताईने भावाचा दंड घट्ट धरला. त्या क्षणी मला भंगाराची नाही, त्या दोघांची भीती वाटली.

मैदानात थांबताच त्याने नेहमीप्रमाणे झाकण उघडले. फुस्स!

"हा आवाज कसला रे?"

"झाकणाचा. इंजिनच भिकार आहे, ताई. उद्याच देऊन टाकतो."

"अरे, हवा आत ओढली गेली. याला हवेचं भोक कुठाय?"

"होतं एक बारीक. मला वाटलं खोट आहे. पुट्टी भरली, घासलं आणि रंग मारला."

"गाढवा! सलाइनच्या काचेच्या बाटलीला हवेची सुई लावली नाही तर थेंब पडत नाही. मग पेट्रोल कसं उतरेल?"

रंगाऱ्याने झाकण उलटेपालटे करून पाहिले. काखेत कळसा, गावाला वळसा! ताईने पर्समधून सुई काढून दिली. भोक मोकळे करताना सुई घसरली आणि रंगावर लांब ओरखडा उमटला.

तेव्हापासून मी दोन-दोन तास न थांबता चालते. तो लोकांना सांगतो, "इंजिन आता सुधारलंय." सुधारलंय म्हणे! पण तो ओरखडा त्याने आजवर रंगवलेला नाही. रंगाऱ्याकडून याहून मोठी माफी मिळायची नाही, हे मला कळते.

मित्रांनो, थांबलेल्याला शिव्या जरूर द्या. पण त्याच्यापर्यंत काही पोहोचते आहे का, तेवढे आधी बघा.