सोळावे सदस्य

“वहिनी, सर निघाले का हो?” मी फोनवर विचारलं.

“निघतायत कसले? दातांच्या डॉक्टरांपुढे आ वासून बसलेत. दोन दिवस दाढेनं जीव नकोसा केलाय. काय काम होतं?”

काम एवढंच होतं, की सरांनी येऊन खुर्चीत बसायचं. निवडून आलेल्या अध्यापकांच्या परिषदेत एकतीस सदस्य, आणि सभा भरायला निदान सोळा लागतात. मी परिषदेची लिपिक. माझ्या हजेरीपटावर पंधराच झाले होते. कुलगुरूंच्या कार्यालयाला भूगर्भशास्त्र विभाग बंद करायचा होता. परिषदेनं तीस दिवसांत हरकत घेतली नाही, तर तिची मान्यता आहे असं समजायचं, हा नियम. प्रस्ताव आला तो ऐन सुट्टीच्या तोंडावर, आणि आज तिसावा दिवस. इतका नेमका मुहूर्त त्या कार्यालयाला एरवी कधी साधत नाही.

भूगर्भशास्त्राच्या मॅडम दाराजवळ बसल्या होत्या, मांडीवर आपल्या अकरा विद्यार्थ्यांची यादी घेऊन.

“अजून किती वेळ थांबता येतं?” त्यांनी विचारलं.

“वीस मिनिटं.”

गणिताच्या आमच्या या सरांना सगळे ‘हजर’ म्हणत. नऊ वर्षं परिषदेवर, आणि बोलले तो हा एकच शब्द, तोही मी नाव पुकारल्यावर. ‘यांना काय खुर्ची उबवायला निवडून दिलंय?’ असं तरुण प्राध्यापक म्हणायचे. त्यावर मीही हसले आहे.

मी वहिनींना सगळं सांगितलं. पलीकडे जरा खुसफुस झाली.

“हे खुणेनं विचारतायत, किती कमी पडतायत?”

“एक.”

फोन बंद झाला.

दोन मिनिटं उरली असताना सर आत आले. गळ्यात दवाखान्यातला कागदी रुमाल तसाच, गाल बधिर, ओठ एका बाजूला ओघळलेला. मागे धापा टाकत वहिनी. मी नाव पुकारलं. सरांनी तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. मग त्यांनी हात वर केला. कुणी हसलं नाही.

“सोळा,” अध्यक्ष म्हणाले.

चौदा विरुद्ध दोन मतांनी हरकत मंजूर झाली. विभाग वाचला. मॅडमनी यादी घडी करून पिशवीत ठेवली आणि तासाभरात पहिल्यांदाच पाठ टेकली. माझाही जीव भांड्यात पडला.

“सर, चहा सांगू?”

“चहा कसला पाजताय? अर्धी दाढ राहिलीये. डॉक्टर खोळंबलेत तिथं,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांना घेऊन गेल्यासुद्धा.

सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. पुढच्या सभेला ते नाव पुकारायचं नव्हतं. मी हजेरीपट पुढे ओढला आणि त्यांच्या नावासमोर, न ऐकलेला तो शब्द सावकाश लिहिला.