न तापवता दिलेला बाक

पाइप वाकवण्यात उस्तादांचा हात धरणारा कारखान्यात कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत. स्टेनलेसचा जाड पाइप, तोही न तापवता वाकवायचा, आणि बाकावर सुरकुती म्हणून दिसायची नाही! हायड्रोजनच्या नव्या लाइनवरचे सगळे बाक त्यांचेच.

सातव्या महिन्यात तीच लाइन एका बाकापाशी, वेल्डच्या जोडाला लागूनच तडकली. नशीब, जवळपास कोणी नव्हतं. नव्याने आलेल्या साहेबांनी खापर फोडलं ते वेल्डरवर, बिचाऱ्याची नोकरी जायची वेळ आली. तडकलेला पाइप गेला कारखान्याच्या लॅबमध्ये, म्हणजे उस्तादांच्या लेकीकडे.

चौकशीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी लेक घरी आली ती तोंड पाडूनच. त्याच पाइपचा उरलेला तुकडा तिने टेबलावर ठेवला आणि बापाच्या हातात लोहचुंबक दिलं.

"बाबा, लावून बघा."

"स्टेनलेसला कुठे चिकटतंय? मला शिकवतेस होय गं?"

सरळ भागावर लावलं, ते घसरून पडलं. मग बाकावर लावलं. चिकटलं की! उस्तादांचा चेहरा खर्रकन उतरला.

"थंड वाकवताना आतली घडणच बदलते," ती हळू आवाजात म्हणाली. "मग हायड्रोजन तिथे भराभर शिरतो आणि पोलाद ठिसूळ करतो. हायड्रोजनमध्ये ठेवून दोन्ही भाग ओढून पाहिले. सरळ भाग ताणत ताणत तुटला, बाक बिस्किटासारखा मोडला. वेल्ड शाबूत आहे, बाबा. वाकवल्यावर पाइप भट्टीत तापवून घडण पूर्ववत करायला हवी होती."

"लिहिलंस हे?"

"सगळं लिहिलंय. फक्त तुमचं नाव नाही घातलं." तिचे डोळे भरून आले.

उस्तादांना राग आला, चांगलाच आला. तीस वर्षांची मिजास एवढ्याशा चुंबकाने उतरवली होती. पण बापासाठीही पोरीने निष्कर्षातलं एक अक्षर बदललं नव्हतं. तो राग काही टिकेना.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने रिपोर्ट वाचला. आवाज एकदाही कापला नाही. साहेबांनी विचारलं, "मग हे बाक दिले कोणी?"

लेकीने मान खाली घातली. उस्ताद मात्र बक्षीस घ्यायला उठावं तसे छाती काढून उठले.

"बाक माझे, साहेब. वेल्डरला सोडा." मग लेकीकडे हात करून म्हणाले, "आणि चूक शोधून काढणारी ही पोरगीसुद्धा माझीच!"