उभ्याने तपासलेले पाय

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. पण बसायचं नव्हे, उभं राहायचं. मला दोन रुंद पायऱ्या आहेत, वर काळं रबर ठोकलेलं आहे आणि उजव्या अंगाला धरायला कठडा आहे. पायांच्या शिरा तपासायच्या दवाखान्यात माझं सगळं आयुष्य गेलं.

माझा जन्म डॉक्टरांच्या कंबरदुखीतून झाला. रुग्ण जमिनीवर उभा राहिला, की त्याचा घोटा पाहायला डॉक्टरांना जवळजवळ लोटांगण घालावं लागे. शेवटी त्यांनी सुताराला बोलावलं. मी तयार झाल्यावर मजबुती दाखवायला सुतार स्वतःच माझ्यावर चढला, आणि डॉक्टरांची नजर त्याच्या पोटरीवर गेली. तिथे निळ्या शिरांची वेटोळी उठली होती.

"मिस्त्री, हे कधीपासून?"

"काम मी केलं, आता तपासणीपण माझीच का?" सुतार म्हणाला. पण खाली काही उतरला नाही. माझा पहिला रुग्ण तोच.

डॉक्टर सगळ्यांना समजावून सांगत, ते ऐकून ऐकून मला पाठ झालं. रक्त पायांकडे उतरतं सहज, पण परत वर चढताना त्याला कष्ट पडतात. म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. वर गेलेलं रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. झडपा सैल पडल्या, की रक्त खाली साचतं. पाय जड होतात, संध्याकाळी सुजतात, घोट्याजवळची कातडी खाजते, काळवंडते. तरीही लक्ष दिलं नाही, तर तिथे जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. माणूस आडवा झाला, की मात्र रक्ताला चढ उरत नाही, आणि सैल झडपही शहाण्यासारखी वागते. म्हणून तपासायचं ते उभ्याने.

किती पाय पाहिले मी! केस कापणाऱ्यांचे, शिक्षकांचे, पहारेकऱ्यांचे, आचाऱ्यांचे. दिवसभर उभं राहणारी ही माणसं माझ्यावर चढताना हमखास पाय झाकून घेत, जणू त्यांनीच काही चूक केली होती. मी फक्त न डगमगता उभं राहायचं, एवढंच माझं काम. "यंत्रं बदलतील, हे स्टूल नाही बदलायचं," असं डॉक्टर पाहुण्यांना सांगत, तेव्हा माझं रबरसुद्धा ताठ होई.

मग डॉक्टर निवृत्त झाले. नवे डॉक्टर आले, तपासणी करणाऱ्या नव्या ताई आल्या, आणि बटण दाबलं की वरखाली होणारा पलंग आला. मी दाराआड गेलं नाही, ढकललं गेलं. आधी माझ्यावर कागदी रुमालांचे खोके आले, मग एक कुंडी. तिचं पाणी माझ्या रबराखाली झिरपायचं. राग नव्हता, कुंडीलाही जागा हवीच ना कुठेतरी.

एका दुपारी इस्त्रीच्या दुकानातल्या मावशी आल्या. सोबत सून, सुनेच्या कडेवर बाळ. मावशींच्या उजव्या घोट्यावर काळा डाग पडला होता. वर्षभर त्या त्यावर खाजेचं मलम चोळत होत्या. वीस वर्षं टेबलाशी उभं राहून चालवलेलं दुकान, आणि पाय चिघळला तर ते बंद. हीच धास्ती त्यांनी घरात कुणाला बोलून दाखवली नव्हती.

"मावशी, थोडं उभं राहावं लागेल हं," ताई म्हणाल्या.

"अगं बाई, सकाळपासून उभीच आहे. इथे तरी आडवी होऊ दे."

ताईंना त्यांची दया आली. त्यांनी बटण दाबून पलंग खाली घेतला. पायावर यंत्राची दांडी टेकवली, पोटरी दाबली. यंत्रातून रक्त वर धावल्याचा हुश्श असा आवाज आला. पोटरी सोडली, आवाज थांबला.

"चांगल्या आहेत की शिरा."

"मग झालं. मलम आहेच," मावशी उठू लागल्या.

"ताई, थांबा जरा," सून म्हणाली. "दुकानातली इस्त्री आटपते ना, तेव्हा आईंच्या शिरा दोरीसारख्या वर येतात. झोपल्या की गायब. मग झोपवून कसं सापडेल?"

"हिचं हे असं," मावशी ताईंना म्हणाल्या. "बाळ शिंकलं तरी किती वाजता शिंकलं ते लिहून ठेवते."

"तुम्ही स्वतःच्या पायांकडे बघत नाही आई, म्हणून मला बघावं लागतं."

मावशी पुन्हा पलंगावर टेकल्या. ताईंचे कान लाल झाले. "चुकलं माझं. दमलेल्या दिसलात म्हणून झोपवलं, आणि तपासणीच बिघडवली."

त्यांनी कुंडी खाली ठेवली, मला पुसलं आणि उजेडात ओढलं. मावशी कठडा धरून चढल्या. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा जरासा सैल. ताईंनी पोटरी दाबली. हुश्श. सोडली. आणि या वेळी आवाज थांबला नाही. वर गेलेलं रक्त पुन्हा खाली घसरत होतं. अर्ध्या सेकंदात थांबायला हवं होतं, ते तीन सेकंद चाललं. बाळानेही ओठ पुढे काढून लांबलचक "हूऽऽश" केलं, तेव्हा मावशींनाही हसू आवरेना.

नव्या डॉक्टरांनी यंत्राचा पडदा पाहिला. "दुखणं कातडीचं नाही मावशी, आतल्या झडपेचं आहे."

"मग मलम?"

"त्याने कातडी मऊ होईल. झडप नाही."

मावशींनी कठडा घट्ट धरला. "दुकान... बंद करावं लागेल?"

"छे. ही एक शीर बंद करू, दुकान नाही. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांतून वर जाईल. घट्ट मोजे घालायचे, मधून मधून चालायचं. जखम व्हायच्या आत आलात, हे फार बरं झालं."

मावशींनी सुनेकडे हात पसरले आणि बाळाला घेतलं. "दे इकडे. तूही सकाळपासून उभी आहेस. बस जरा."

आता मी पलंगाशेजारी असतं. रोज दहाबारा जण चढतात, उतरतात. माझं बरं चाललंय.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायला इथे माणसं आहेत. तुम्ही एवढंच करा: घरात कुणी दिवसभर उभ्याने राबत असेल, तर संध्याकाळी त्यांच्या पायांकडे बघा. ते "काही नाही रे" म्हणतील. तरी बघा, ते आडवे होण्याआधी.