सहावं फडकं

शनिवारी दुपारी खाणीचा भोंगा वाजला, की जेबेझ ऑर्मरॉड काळ्या तोंडानंच, डावा खांदा किंचित पाडून, घरात शिरायचा आणि बायकोच्या आधी कुत्रीला हाक मारायचा.

"अहो, तोंड तरी धुवा," केझाया म्हणायची.

"नेलला मी असाच आवडतो. तुझ्याच तक्रारी फार!" असं म्हणत तो मटणाचा तुकडा त्या करड्या, सडपातळ कुत्रीपुढे टाकायचा आणि स्वतः नुसत्या रश्शात पाव बुडवून खायचा. मग सगळी वस्ती खाणीमागच्या राखेच्या पट्ट्यावर लोटायची. एका टोकाला कुत्री धरून ठेवलेली असत आणि दुसऱ्या टोकाला त्यांचे मालक फडकी नाचवत, घसा फोडून हाका मारत उभे असत. कुत्री सुटली, की प्रत्येक कुत्रं आपल्याच मालकाचं फडकं दातांत पकडून लोंबकळे आणि मालक त्याला हवेत गरागरा फिरवी. जेबेझचं फडकं म्हणजे केझायाच्या जुन्या चौकटीच्या परकराचा तुकडा होता. ते दिवस आठवले, की तिला अजूनही राखेचा आणि ओल्या लोकरीचा वास येई.

जानेवारीत खाणीचं छत कोसळलं आणि जेबेझ त्याखाली गेला. ते फडकं केझायानं कोणाला न सांगता शवपेटीत, त्याच्या हाताखाली सरकवलं. नेल त्यानंतर धावलीच नाही. धाकटा दीर ईलाय यानं तिला तीनदा शर्यतीत उतरवलं. तिन्ही वेळा ती सुटल्या जागीच खाली बसली.

मे महिन्यात लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाचा चित्रकार येऊन शर्यतीचं चित्र काढून गेला. तीन आठवड्यांनी ते छापून आलं आणि गुत्त्याच्या भिंतीवर लागलं. जो तो त्यात स्वतःला शोधू लागला.

"माझं पोट बघा किती काढलंय मेल्यानं!" गुत्तेवाला ओरडला.

"कमीच काढलंय," ईलाय म्हणाला, आणि सगळे हसले.

केझायानं मात्र उगाचच मोजलं. कुत्री पाच होती आणि फडकी नाचवणारे सहा. सहावा रांगेच्या अगदी टोकाला, पाठमोरा. त्याचा डावा खांदा किंचित उतरलेला होता. आणि हातातल्या फडक्यावर चित्रकारानं, इतर कुठल्याच फडक्यावर नव्हत्या अशा, बारीक चौकटी रेखल्या होत्या.

"भाऊजी, हा कोण?"

ईलायनं चित्राजवळ नाक नेलं. "असेल कोणीतरी. जागा रिकामी दिसू नये म्हणून घालतात हे लोक. वहिनी, तुमचा चेहरा असा का झालाय?"

घरी पोचल्यावर केझायानं नेलचे पाय कोमट पाण्यानं धुतले, आणि शुक्रवारी आपणहून ईलायच्या दाराशी जाऊन म्हणाली, "उद्या हिला उतरवा."

"पुन्हा हसं करून घ्यायचंय का?"

"एकदाच."

शनिवारी ती शेवटच्या रेषेपाशी उभी राहिली. ईलाय आपला टॉवेल फिरवत "नेल! ये गं, ये!" असं ओरडत होता. इशारा झाला, आणि नेल सुटली. तिचे कान मागे चिकटलेले, पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये अशी, थेट पूर्वीसारखी. लोकांनी टोप्या उडवल्या. केझायाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला आनंद झाला होता, आणि तो आवरावा असं तिला वाटलं नाही.

नेल सगळ्यांच्या पुढे आली, ईलायच्या टॉवेलाकडे न बघता त्याच्या शेजारून गेली, आणि रांगेच्या टोकाला, जिथे कोणीच उभं नव्हतं, तिथे तिनं उडी मारली. तिचे दात मिटले. तिचे चारही पाय जमिनीपासून वर उचलले गेले आणि ती संथपणे गोल फिरू लागली.

पडलेल्या टोप्या उचलायला कोणी वाकलं नाही. ईलाय तेवढा, शेजारच्याचं कोपर लागू नये म्हणून सरकावं तसा, एक पाऊल बाजूला झाला.