तोफेचा आकडा

एकोणीसशे ब्याऐंशी साल. गोल्फच्या स्पर्धेचा चौथा, म्हणजे शेवटचा दिवस. मी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होते आणि खालून एक टोपीवाला गृहस्थ ओरडत होता, "ओ बाई, तोफेचं काय झालं? दुसरा फटका कुठे गेला?"

"चेंडू अजून हवेत आहे," टेबलाशी बसलेली माझी नणंद म्हणाली. "खाली उतरला की तोच फोन करेल तुम्हाला."

लोक हसले. मला हसू आलं नाही. सकाळपासून चढउतार करून पायांत गोळे आले होते.

शेवटच्या, म्हणजे अठराव्या होलसमोर क्लबचा मोठा लाकडी फलक होता. त्यावर बारा खेळाडूंची नावं आणि नावांपुढे पत्र्याचे आकडे. मैदानावरून फोन आला की नणंद चिठ्ठी लिहायची आणि मी शिडी सरकवून आकडा बदलायची. ठरलेल्यापेक्षा जितके फटके कमी, तितका खेळाडू वर. नणंद एरवी टेलिफोन खात्यात होती, त्यामुळे फोनवरचं तिला एकदाच सांगावं लागे. सहा वर्षांत आमचा एक आकडा चुकला नव्हता.

तोफ म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू. तो यायच्या आधी आमच्याकडे शंभर-दीडशे लोक यायचे, झाडाखाली बसायचे, कोणाचाही फटका चांगला पडला की टाळ्या वाजवायचे. तो यायला लागला आणि पाय ठेवायला जागा उरेना. पण त्याचा चेंडू होलमध्ये पडला रे पडला की सगळे पुढच्या होलकडे पळत सुटायचे. जोडीचा खेळाडू बिचारा वाकून उभा, त्याचा फटका अजून बाकी, आणि भोवती बुटांचा धडधडाट. मला संताप यायचा. पण शिडीवरून कोणावर ओरडणार?

त्या वर्षी सेक्रेटरीसाहेबांनी नवं खूळ काढलं. इतरांचा आकडा होल संपल्यावर बदलायचा, पण तोफेचा मात्र फटक्यागणिक लावायचा.

"साहेब, शिडी एकच आहे," मी म्हटलं होतं. "वरून खाली यायचं, सरकवायची, परत चढायचं. बाकीच्यांचं कधी करू?"

"बाकीच्यांचं होईल हो सावकाश. ते बघायला कोण आलंय?"

बाकीच्यांत माझा नवरा होता.

हे त्याच क्लबात सभासदांना खेळ शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. वय चव्वेचाळीस. दरवर्षी स्थानिक चाचणीतून स्पर्धेत शिरायचे आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचे. त्या वर्षी काय झालं देव जाणे, चौथ्या दिवसापर्यंत टिकले. पहिल्या दहांत आलं की पुढचं वर्षभर प्रत्येक मोठ्या स्पर्धेत सरळ प्रवेश मिळायचा. बरोबरीने दहावे आलात तरी चालायचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे खांदे सरळ करण्यात गेलेल्या माणसाला एक वर्ष स्वतःसाठी खेळायला मिळणार होतं. सकाळी त्यांनी चहा तसाच ठेवला आणि बूट दुसऱ्यांदा पुसले.

दुपारी तोफ विक्रमाच्या जवळ आला आणि फलकापुढे झुंबड उडाली. त्याची ओळ सगळ्यात वर, म्हणून मी वरच. नणंद चिठ्ठ्या काठीच्या टोकाला अडकवून माझ्यापर्यंत पोचवत होती. मी तोफेच्या तेवढ्या लावायची, बाकीच्या साडीवर चढवलेल्या झग्याच्या खिशात कोंबायची.

फक्त एकदा मी खाली उतरले. चिठ्ठीवर यांचं नाव होतं. सोळाव्या होलवर एक फटका वाचवला होता. मी शिडी सरकवून तो आकडा लावला. उणे दोन, म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी. दहावा क्रमांक! त्यांच्या खालच्या ओळीत एक चष्मेवाला खेळाडू होता, उणे एकवर. मैदानावर यांच्या मागून येणारे सगळे आकड्यांत खूप पुढे होते, त्यांचा प्रश्नच नव्हता. मला इतका आनंद झाला की मी परत वर चढले आणि खिशातलं खिशातच राहिलं.

थोड्या वेळाने चष्मेवाला शेवटचा होल ठरलेल्या फटक्यांत संपवून गेला. कोणी टाळी वाजवली नाही. मग हे दूरवर दिसले. हिरवळीच्या अलीकडे तळं होतं. तळ्यावरून थेट मारलं तर एक फटका वाचण्याची आशा, नाहीतर चेंडू पाण्यात. अलीकडे थांबून मारलं तर धोका नाही, फायदाही नाही. यांनी पिशवीतून लांब पल्ल्याची काठी काढली. मग मान वर करून फलकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि काठी परत ठेवली.

तेव्हा मला खिसा आठवला. खिशातून चिठ्ठ्या काढल्या. चष्मेवाला, सोळावा, एक कमी. चष्मेवाला, सतरावा, एक कमी. म्हणजे तो उणे तीनवर होता. दहावा तो होता.

मी भराभर उतरायला लागले.

"अहो बाई, कुठे निघालात?" सेक्रेटरीसाहेब गर्दीतून ओरडले. "तोफेचा तिसरा फटका आलाय!"

"वहिनी, लाव ना पटकन, हे लोक मला खातील," नणंद म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं.

"शिडी सोडा! सरका, सरका म्हणते ना!" मी ओरडले.

कोणी सरकेना. शिडीला माणसं टेकून उभी होती. ती हलेपर्यंत यांनी छोटा, नीटस फटका मारला. चेंडू तळ्याच्या अलीकडे येऊन थांबला. उणे दोनवर खेळ संपला. अकरावे.

संध्याकाळी हे घरामागच्या नळावर काठ्या धूत बसले होते. मी चिठ्ठ्या त्यांच्यासमोर धरल्या.

"माझ्यामुळे झालं. तुमचा आकडा लावायला उतरले, त्याचा नाही लावला. दोन्ही लावले असते तर तुम्ही मारलं असतं. दोन्ही राहिले असते तरी, फलक मागे पडलाय हे ओळखून मारलं असतं."

त्यांनी ओल्या हाताने चिठ्ठ्या घेतल्या, वाचल्या, परत दिल्या.

"पाण्यातही गेला असता," ते म्हणाले.

"नसता गेला."

"हं. नसता गेला."

मग काठी पुसत म्हणाले, "खरं सांगू का? मान वर केली ना, तर आधी त्याचाच आकडा बघितला मी. तोफेचा. माझा नंतर."

पुढच्या वर्षी तोफेचं मनगट दुखावलं, तो आला नाही. तिकीटखिडकीवर लोक विचारायचे, "तो आहे का?" आणि नाही म्हटलं की वळायचे. मी बाराच्या बारा ओळी वेळेवर लावल्या. वाचायला कोणी नव्हतं. पूर्वीचे ते झाडाखालचे शंभर-दीडशेसुद्धा आले नाहीत. एव्हाना त्यांनाही तोफेची चटक लागली होती. आणखी दोन वर्षांनी स्पर्धा बंद पडली.

चष्मेवाल्याला मिळालेलं वर्ष त्याला काही लाभलं नाही. पुढे त्याने क्रीडासाहित्याचं दुकान काढलं. सेक्रेटरीसाहेब दुसऱ्या क्लबात गेले आणि तिथेही तोफेला बोलवायची खटपट करत राहिले. नणंद खात्यातून वरच्या हुद्द्यावर निवृत्त झाली; गेल्या वर्षी गेली. तोफ थकलाय, कंबर धरून चालतो, पण टीव्हीवर अजून त्यालाच दाखवतात. नवे चांगले खेळतात. लोक म्हणतात, पूर्वीसारखी मजा नाही.

यांनी पुन्हा चाचणी दिली नाही. अडुसष्टाव्या वर्षापर्यंत शिकवलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. क्लबच्या दिवाणखान्यात तोफेचे चार फोटो आहेत, सहा वेळा येऊन गेला म्हणून. एकतीस वर्षं रोज आलेल्याचा एकही नाही.

परवा सहज गेले होते. सरावाच्या पट्टीवर, हे उभे राहायचे त्या कडेच्या बाजूला, पाऊलभर रुंदीच्या दोन जागा आहेत. तिथे गवत धरत नाही. नवा शिक्षक शिकायला येणाऱ्यांना तिथेच उभं करतो. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "माहीत नाही आजी. इथे पाय बरोबर बसतात."